एक नाव, अनेक प्रभेद : मस्तिष्कावरणदाहाच्या जीवाणूंचा अभ्यास

रास्ना मागविली असता कोणत्या प्रांतातील व्यापाऱ्याकडून कोणते द्रव्य हाती पडेल, याचा भरवसा आपल्या औषधनिर्मात्या बंधूंना सहसा नसतो. उत्तरेत प्लुचिया लान्सिओलाटा ही वनस्पती रास्ना म्हणून घेतली जाते, तर दक्षिणेत त्याच नावाने आल्पिनिया गलंगाचे कंद विकले जातात. शंखपुष्पीच्या नावाखाली तर किमान तीन वनस्पती बाजारात येतात. पोत्यावरील चिठ्ठी एक, आतील द्रव्य निराळे, आणि त्यामुळे गुणही निराळा. संदिग्ध द्रव्यांचा हा प्रश्न द्रव्यगुणाच्या अभ्यासकांस नवीन नाही. प्रस्तुत लेखात असाच एक प्रश्न आम्ही जीवाणूंच्या संदर्भात मांडणार आहोत. मस्तिष्कावरणदाह, म्हणजेच मेनिंजायटिस, उत्पन्न करणाऱ्या जीवाणूंचे नाव एक असले तरी त्यांचे प्रभेद अनेक असतात. कोणता प्रभेद आहे यावर रोगाची साथ येणार की नाही, कोणती लस उपयोगी पडणार आणि कोणते औषध वाया जाणार, हे ठरते.

प्रथम रोगाच्या मराठी नावाविषयी थोडेसे. आपल्या वृत्तपत्रांत ‘मेंदूज्वर’ हा शब्द जपानी मेंदूज्वरासाठीही वापरतात आणि मेनिंजायटिससाठीही. पहिला विषाणूजन्य असून क्युलेक्स जातीच्या डासांमुळे पसरतो व त्यात मेंदूच्याच ऊतींना शोथ येतो. दुसऱ्यात मेंदू व मज्जारज्जूवरील आवरणांना शोथ येतो. तो जीवाणूजन्य असल्यास काही तासांत रुग्ण हाताबाहेर जाऊ शकतो. या लेखात आम्ही ‘मस्तिष्कावरणदाह’ हा शब्द दुसऱ्यासाठीच योजला आहे. अभिन्यास सन्निपात, मन्यास्तंभ, आक्षेपक यांच्या वर्णनात या रोगाची काही लक्षणे जरूर भेटतात. तथापि ग्रंथोक्त कृमींच्या यादीत आजचा प्रत्येक जीवाणू शोधून काढण्याचा खटाटोप आम्हांस पटत नाही. त्याने ग्रंथाचा गौरव वाढत नाही आणि रुग्णाचाही लाभ होत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो त्यास एक प्रसंग कारण झाला. सुमारे अठरा वर्षांपूर्वी एकोणीस-वीस वर्षांचा एक विद्यार्थी ज्वर व शिरःशूल घेऊन आमच्याकडे आला. त्यापूर्वी दोन दिवस तो गावातील एका दुकानातून मिळालेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेत होता. नाव त्यास ठाऊक नव्हते, पट्टी अर्धी संपली होती. थोडा उतार होता. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठ विचारला आणि ज्वरघ्न औषध दिले. मान वाकवून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यास झटके आले व जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. पाठीतील पाणी गढूळ निघाले, पेशी पुष्कळ होत्या, परंतु संवर्धनात काहीही वाढले नाही. आधी घेतलेल्या अर्धवट गोळ्यांनी जीवाणू मेला नव्हता, पण प्रयोगशाळेत वाढण्याइतका सशक्तही राहिला नव्हता. मुलगा वाचला, एका कानाची श्रवणशक्ती मात्र कायमची गेली. त्याच वसतिगृहात आणखी चाळीस मुले राहत होती. त्यांना धोका आहे काय, असल्यास कोणते औषध द्यावे, लस द्यावी काय, असे अधीक्षकांनी विचारले. कोणासही निश्चित उत्तर देता आले नाही, कारण जीवाणू कोणता हेच कळले नव्हते.

वैद्यास रोगाचे नाव सांगता आले नाही तरी त्याने लाजू नये, दोष व दूष्य यांवरून चिकित्सा करावी, असा आशय चरकसंहितेच्या त्रिशोथीय अध्यायात आहे. एका रुग्णाच्या शय्येपाशी हे वचन आम्हांस आजही आधार देते. परंतु प्रश्न चाळीस जणांचा किंवा चार कोटींचा असतो तेव्हा नावावाचून चालत नाही. तेथे केवळ नावही पुरत नाही, नावाच्या आतील भेदही कळावा लागतो.

मस्तिष्कावरणदाहाचे जीवाणू अनेक आहेत. नवजात बालकांत समूह ब स्ट्रेप्टोकोकस व इ. कोलाय, बालकांत व वृद्धांत न्यूमोकोकस, लसीकरणापूर्वीच्या काळी लहान मुलांत हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी, आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा, हळूहळू आठवड्यांनी वाढत जाणारा क्षयजन्य प्रकार. यांपैकी मोठ्या साथी निर्माण करणारा एकच, निसेरिया मेनिंजिटिडिस, अर्थात मेनिंगोकोकस. अशा साथीचे पहिले स्पष्ट वर्णन १८०५ साली जिनीव्हा येथे झाले आणि जीवाणूची ओळख १८८७ साली व्हिएन्नातील वाइक्सेलबाउम यांनी पटविली. मनुष्यावाचून त्यास दुसरा आश्रय नाही. शंभर निरोगी माणसांपैकी पाच-दहांच्या घशात तो एरवीही निवांत नांदत असतो. त्यांपैकी बहुतेकांस आयुष्यात काहीही होत नाही.

मग रोग कोणास होतो? येथे प्रभेदविचार सुरू होतो. या जीवाणूभोवती बहुशर्करेचे एक आवरण असते. त्याच्या रचनेवरून बारा गट पाडले आहेत. त्यांतील ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहाच गट जवळजवळ सर्व गंभीर रोगास कारण होतात. आवरण नसलेले जीवाणूही घशात असतात, परंतु रक्तात शिरल्यावर आपल्या शरीराचे रक्षक त्यांना सहज गाठतात. आवरण हे जीवाणूचे चिलखत होय. लसीही बहुधा या चिलखतावरच बेतलेल्या असतात, म्हणून ए गटाची लस सी गटापासून रक्षण करीत नाही.

आवरण ही झाली पोत्यावरील चिठ्ठी. आतील द्रव्य ओळखण्यासाठी १९९८ साली मार्टिन मेडन व सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली व ती प्रथम याच जीवाणूवर वापरली. जीवाणूच्या दैनंदिन व्यवहारास लागणाऱ्या सात जनुकांचे अनुक्रम वाचायचे, प्रत्येक रूपास क्रमांक द्यायचा, आणि सात क्रमांकांच्या मेळातून एक ‘अनुक्रम-प्रकार’ ठरवायचा. असे हजारो प्रकार आज नोंदलेले आहेत. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी वाहकांत सापडतात. रोग करणारी घराणी त्या मानाने थोडकी आहेत. अनुक्रम-प्रकार ११ चे घराणे हे त्यांतील अतिशय दुष्ट. माणसाच्या कुळासारखेच हे. आडनावावरून सर्व कळत नाही, पण काही घरांविषयी गाव सावध असतो.

चिठ्ठी व द्रव्य यांचा मेळ बदलत राहतो, हे या जीवाणूचे विलक्षण वैशिष्ट्य. शेजारी मेलेल्या जीवाणूचे डीएनए तो उचलून आपल्या शरीरात सामावून घेतो. घशात दोन भिन्न प्रभेद एकत्र नांदत असता एकाच्या आवरणाची जनुके दुसऱ्यास मिळू शकतात. सी गटाचे एक घराणे अशा रीतीने बी गटाचे आवरण धारण करते. घराणे तेच, स्वभाव तोच, चिलखत नवे. सी गटाच्या लसीने तयार केलेल्या प्रतिकारशक्तीस ते ओळखूच येत नाही.

या सर्व गोष्टींचे प्रत्यक्ष दर्शन आफ्रिकेत घडते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस पसरलेल्या पट्ट्यास लापेसोनी या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञाने १९६३ साली ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ म्हणून वर्णिले. डिसेंबर ते जून या कोरड्या काळात तेथे हरमाटान नावाचा धुळीचा वारा वाहतो, घशाची त्वचा शुष्क होते, रात्री थंड पडतात व माणसे दाटीने निजतात. याच काळात साथी येतात आणि पाऊस पडताच ओसरतात. चरकाच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात अग्निवेशाचा प्रश्न आहे की, प्रकृती, आहार, वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का नष्ट होतात. वायू, उदक, देश व काल हे सर्वांस समान असलेले भाव दूषित झाल्याने, हे आत्रेयांचे उत्तर या पट्ट्याविषयी वाचताना आम्हांस वारंवार आठवले. परंतु वारा तर दरवर्षी वाहतो, दरवर्षी साथ मात्र येत नाही. एखाद्या वर्षी ती प्रचंड का होते, याचे उत्तर त्या वर्षी फिरत असलेल्या प्रभेदात व लोकांच्या त्याविषयीच्या प्रतिकारशक्तीत शोधावे लागते.

१९९६-९७ साली या पट्ट्यात ए गटाची जी साथ आली तीत सुमारे अडीच लाख रुग्ण झाले व पंचवीस हजार माणसे दगावली. त्या काळी उपलब्ध असलेली लस केवळ बहुशर्करेची होती. दोन वर्षांखालील मुलांत तिचा उपयोग अल्प, प्रतिकारशक्ती थोड्या वर्षांची, आणि घशातील वास्तव्यास तिने आळा बसत नसे. बहुशर्करा एखाद्या प्रथिनास जोडून संयुग्म लस केली असता हे तिन्ही दोष बऱ्याच अंशी दूर होतात, हे ज्ञात होते. परंतु गरीब देशांसाठी अशी लस करण्यास मोठ्या कंपन्या राजी नव्हत्या. आफ्रिकेतील अधिकाऱ्यांचे म्हणणे साधे होते. मात्रेमागे अर्ध्या डॉलरहून अधिक किंमत आम्हांस परवडणार नाही.

ही लस पुण्यात तयार झाली. जागतिक आरोग्य संघटना व पाथ या संस्थांनी २००१ साली सुरू केलेल्या प्रकल्पात सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादनाची जबाबदारी घेतली. जोडणीचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, आणि ए गटाची बहुशर्करा आपल्या नित्य परिचयाच्या धनुर्वात टॉक्सॉइडला जोडण्यात आली. ‘मेनआफ्रिव्हॅक’ या लसीस २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बुर्किना फासो या देशात अवघ्या दहा दिवसांत एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या एक कोटीहून अधिक लोकांना ती टोचण्यात आली. औषधविक्रेत्यांसाठी आणखी एक तपशील येथे नोंदवितो. २०१२ पासून ही लस चार दिवसांपर्यंत चाळीस अंश सेल्सिअस तापमानापर्यंत शीतपेटीबाहेर नेण्यास परवानगी मिळाली. अन्य लसींविषयी मात्र कोणी असा समज करून घेऊ नये. दोन ते आठ अंशांचा नियम त्यांना लागू आहेच. पुढील वर्षांत पट्ट्यातील तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. एकेकाळी तेथील ऐंशी टक्क्यांहून अधिक साथींस जबाबदार असलेला ए गट जवळजवळ नाहीसा झाला. २०१७ नंतर पट्ट्यात त्याचा निश्चित निदान झालेला रुग्ण आढळलेला नाही.

येथेच ही कथा संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. २०१३ साली नायजेरियाच्या वायव्य भागात सी गटाचा एक अनोळखी प्रभेद रोग उत्पन्न करू लागला. त्याचा अनुक्रम-प्रकार १०२१७. २०१५ साली तो शेजारच्या नायजर देशात पोचला व साडेआठ हजारांवर रुग्ण झाले. २०१७ साली नायजेरियात चौदा हजारांवर संशयित रुग्ण व अकराशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. सी गटाविरुद्धच्या लसीचा जगभर तुटवडा होता, कारण तेथे या गटाची अपेक्षाच नव्हती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून या प्रभेदाचे कूळ उलगडले. त्याचा पूर्वज आवरणहीन होता, घशात राहणारा, कोणाचे वाईट न करणारा. त्याने सी गटाच्या आवरणाची जनुके मिळविली, जोडीस एका जीवाणूभक्षक विषाणूचा अंशही त्याच्या जनुकसंचात आला, आणि एका गरीब भाडेकरूचा दरोडेखोर झाला. ए गट हटल्यामुळेच सी आला, असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. आम्ही तसे म्हणणार नाही. लसीने ए गटाचा रोग थांबविला हे निर्विवाद. रिकाम्या जागी कोण येईल यावर पाळत हवी, एवढाच त्याचा अर्थ.

त्या पाळतीचे फळ म्हणजे ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवरील नवी संयुग्म लस. तीही पुण्याच्या त्याच संस्थेने केली. २०२३ च्या जुलैमध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि २०२४ साली नायजेरियात तिचा पहिला वापर झाला. एक्स गटावरील ही पहिलीच लस होय.

यादीत बी गट नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. बी गटाचे आवरण ज्या शर्करेचे असते तीच शर्करा गर्भावस्थेतील मानवी मज्जापेशींच्या पृष्ठभागावरही असते. शरीर तिला आपलीच मानते, शत्रू म्हणून ओळखत नाही. नवजात बालकांत रोग करणाऱ्या इ. कोलायच्या के-१ प्रकाराचे आवरणही नेमके असेच आहे. त्यामुळे बी गटासाठी आवरण सोडून पृष्ठभागावरील प्रथिनांकडे जावे लागले. प्रथिने तर प्रभेदागणिक बदलतात. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून एकाच प्रभेदाची दीर्घ साथ होती, म्हणून २००४ साली त्या एका प्रभेदापुरती लस करून तिचा वापर झाला. पुढे जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून, त्यावरून उपयुक्त प्रथिने हुडकून नवी लस सिद्ध झाली. ब्रिटनने २०१५ पासून ती बालकांस देण्यास आरंभ केला.

न्यूमोकोकसची गोष्ट विस्तारभयास्तव थोडक्यात सांगतो. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आज ज्ञात आहेत. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांवरील लस आली, त्या सात प्रकारांचा रोग कमी झाला, आणि लसीत नसलेला १९-ए हा प्रकार वर आला. म्हणून पुढच्या लसींत प्रकारांची संख्या वाढत गेली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात न्यूमोकोकस लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ साली देशभर आली. भारतीय बनावटीच्या दहा प्रकारांच्या लसीत १९-ए चा समावेश आहे. पालक विचारतात, ‘लस घेतली, आता मेंदूज्वर होणार नाही ना?’ याचे प्रामाणिक उत्तर असे की, लसीत असलेल्या प्रकारांचा धोका पुष्कळ घटतो, इतरांचा उरतो.

भारतात मेनिंगोकोकसच्या ज्या मोठ्या साथी नोंदल्या गेल्या, दिल्लीची १९८५ ची, पुन्हा दिल्लीचीच २००५ ची, त्यानंतरची मेघालयाची, त्या ए गटाच्या होत्या. २००५ च्या दिल्लीच्या साथीतील जीवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नव्हते, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींना प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत सिप्रोफ्लॉक्सासिनची एक मात्रा हा सर्वांत सोपा मार्ग समजला जात असे. तो मार्ग सर्वत्र विश्वासार्ह राहिलेला नाही.

हज व उमरा यात्रेकरूंच्या बाबतीत आपल्या व्यवसायबंधूंचा व औषधविक्रेत्यांचा या विषयाशी थेट संबंध येतो. २००० सालापूर्वी ए व सी या दोन गटांची लस पुरेशी मानीत. त्या वर्षी हजयात्रेकरूंत व ते परतल्यावर त्यांच्या कुटुंबीयांत डब्ल्यू गटाचा, अनुक्रम-प्रकार ११ च्या घराण्यातील प्रभेद अनेक देशांत पसरला. दोन वर्षांनी बुर्किना फासोत त्याच गटाने मोठी साथ आणली. तेव्हापासून सौदी अरेबियाने चार गटांची लस सक्तीची केली. २०२४ च्या वसंतात उमरा करून परतलेल्यांत अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स येथे पुन्हा डब्ल्यू गटाचे रुग्ण आढळले. बहुतेकांनी लस घेतली नव्हती, आणि काही रुग्णांतील जीवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनला जुमानत नव्हते. यास्तव केवळ दाखल्यासाठी विचारणा करणाऱ्या यात्रेकरूस लस खरोखर घेण्याचा आग्रह करावा. प्रस्थानापूर्वी किमान दहा दिवस ती झालेली असावी. काढा, धूपन किंवा नस्य यांनी हे रक्षण मिळते असे आपल्यापैकी कोणी सांगू नये. तसा आधार आमच्या पाहण्यात नाही.

आता चिकित्सालयातील व्यवहार. ज्वर, तीव्र शिरःशूल, छर्दी, प्रकाश न सोसणे, मान ताठ होणे, तंद्रा ही लक्षणे सर्वांस परिचित आहेत. परंतु मान ताठ होणे हे कित्येकदा उशिरा येते. बालकांविषयी २००६ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासात मेनिंगोकोकसच्या रोगात सर्वांत आधी दिसणारी लक्षणे म्हणून पाय दुखणे, ज्वर असूनही हातपाय गार पडणे व त्वचेचा वर्ण बदलणे ही आढळली. अंगात संताप आणि हातपाय गार, हे विपरीत लक्षण ज्वरचिकित्सेत मुरलेल्या वैद्याच्या नजरेतून सुटता कामा नये. काचेचा पेला दाबला तरी न मावळणारे जांभळे ठिपके दिसल्यास वेळ मिनिटांत मोजावा. तान्ह्या मुलात टाळू फुगणे, स्तनपान सोडणे, किंचाळून रडणे यांकडे लक्ष द्यावे. असा रुग्ण आपल्याकडे ठेवण्याचा नव्हे. शिरेतून प्रतिजैविक देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावा. उत्तम उपचार होऊनही जीवाणूजन्य मस्तिष्कावरणदाहाने बाधित झालेल्या सहांपैकी सुमारे एक दगावतो आणि वाचलेल्या पाचांपैकी एकास काही व्यंग राहते.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. पाठीतील पाणी काढेपर्यंत रुग्णालयाने प्रतिजैविक रोखून धरावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रोगाची शंका गंभीर असेल तर पहिली मात्रा लगेच दिली पाहिजे. आमचा आक्षेप आहे तो चिठ्ठीविना दुकानातून दिलेल्या दोन-चार गोळ्यांस. त्या रोग बरा करीत नाहीत, लक्षणे झाकतात, आणि जीवाणूची ओळख पुसून टाकतात. सेफिक्झिमसारखी औषधे २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत व त्यांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. संवर्धन निष्फळ ठरले तरी पीसीआर तपासणीने जीवाणूचा गट कित्येकदा कळू शकतो, मात्र त्यासाठी नमुना योग्य प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि आधी काय दिले गेले हे तेथे कळले पाहिजे.

म्हणून त्या विद्यार्थ्यानंतर आम्ही एक पद्धत ठेवली आहे. ज्वराचा कोणताही रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीवर रोगाच्या तर्काआधी चार गोष्टी लिहितो : आधी कोणते प्रतिजैविक घेतले, किती मात्रा, शेवटची केव्हा, आणि घरात, वसतिगृहात वा यात्रेत सोबत कोण होते. औषधाचे नाव रुग्णास ठाऊक नसेल तर रिकामी पट्टी मागवून घेतो व ती चिठ्ठीसच टाचतो.